भिंतीच्या वरची वीतभर फट

पैठण



परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला, तेव्हा तुझ्या आवाजाआधी मला शेजारच्या खोलीतला स्पीकरच ऐकू आला. मग तू म्हणालास, "आजोबा, आता एक तर या शेजारच्या पोरांना धरून बडवतो, नाही तर उद्याच खोली सोडतो." तेव्हापासून माझाही डोळा नीट लागलेला नाही. सकाळी सहाच्या शिफ्टला मशीनवर उभं राहायचं असलेल्या पोराला रात्र रात्र झोपू द्यायचं नाही, वर दारात मोटारसायकल आडवी लावायची, मोरीत खरकटं सांडायचं, कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या मारायच्या, हा छळच आहे लेकरा, त्याला दुसरं नाव नाही. तू इतके दिवस सोसलंस हा तुझा चांगुलपणा, तो मला ठाऊक आहे. मला भीती वाटते ती फक्त त्या 'उद्याच'ची.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हाची, १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट सांगतो. तुझ्या बापालाही ही कधी सांगितली नाही. नोकरीसाठी औरंगाबादेत (तेव्हा आपण तसंच म्हणायचो) एका जुन्या वाड्यात खोली घेतली होती. आठ बिऱ्हाडं, नळ एक, आणि पाणी पहाटे घटकाभर. शेजारचे गृहस्थ रोज माझी घागर बाजूला सारून स्वतःची भांडी पुढे लावायचे. बायामाणसं त्यांना टोकायची, माझी कीव करायची, सगळा वाडा माझ्या बाजूनं होता. एका पहाटे माझं डोकं फिरलं आणि मी त्यांच्या भरलेल्या हंड्याला लाथ घातली. तांब्याचा हंडा फरशीवर आपटला, त्याला पोचा पडला, आणि ते सगळं पाणी मोरीच्या वाटेनं निघून गेलं. कुणी ओरडलं नाही रे! सगळे जण नुसते त्या वाहत्या पाण्याकडे बघत राहिले. दुष्काळात हंडाभर पाणी मोरीत घालवणारा माणूस मी होतो. त्यांनी केलेलं सगळं त्या क्षणी पुसलं गेलं आणि माझं तेवढं राहिलं. तांबटाकडून हंडा सारखा करून आणला, पैसे मी दिले, पण पोच्याची खूण गेली नाही, आणि वाडा सोडेपर्यंत पहाटे नळावर तो हंडा रोज माझ्यासमोर यायचा.

म्हणून सांगतो, हात उचलू नकोस. आज पोलिसांपुढे फिर्यादी म्हणून तू जाऊ शकतोस. एक थप्पड मारलीस की आरोपी होशील, आणि कंपनीत नुकतं लागलेल्या पोराला ते परवडणारं नाही. खोलीही रागात सोडू नकोस. डिपॉझिट, नवा करार, सामान हलवायचा टेम्पो, यात तुझी दोन-तीन महिन्यांची शिल्लक जाईल (ती तू डबा हातानं करून साठवलीस, हे मला माहीत आहे), आणि नव्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोण असेल ते कुणी सांगावं? मला आठवतं ते तुझं बिडकीन पैठणच्या रस्त्यावरचं शेतकऱ्यांचं गाव होतं. आता शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांवर ऑरिक ही उद्योगनगरी उभी राहतेय आणि गावात जिकडे तिकडे भाड्याच्या खोल्या झाल्यात. दिवाळीनंतर आलो होतो तेव्हा तुझी खोली मी नीट बघितली आहे. चार इंची विटांची भिंत, वर पत्रा, आणि भिंत पत्र्याला भिडतच नाही, वीतभर फट आहे. पलीकडच्या फोडणीचा ठसका इकडे लागतो, मग गाण्याचं काय? ती फट मालकांना बुजवायला सांग; ते नाही म्हणाले तर थर्माकोल आणि गोणपाट तू स्वतः लाव.

त्या मुलांशी बोलायला मात्र रात्री जाऊ नकोस. रात्री दारू बोलते, आणि आपल्या बाजूनं आपला राग बोलतो. तू लहानपणापासून पहाटे उठणारा, तुला सुट्टीच्या दिवशी सकाळी आठची वेळ काढायला काय कठीण? तेव्हा माणूस चहा करत असतो, शुद्धीत असतो, आणि मित्रांसमोर ताठा दाखवायची गरजही नसते. गाव विचार, शिफ्ट विचार. कोण जाणे, रात्रपाळी करून दिवसा निजताना तुमच्या बादल्यांचा आवाज त्यांनाही टोचत असेल. मग सरळ सांग, दहानंतर स्पीकर नको.

सांगून ऐकलं नाही तर वहीत लिहायला लाग: तारीख, वेळ, काय झालं, आणखी कुणी ऐकलं. तुझ्या आजीची दुधाची वही असते ना, अगदी तशी. ती वही घेऊन मालकांकडे जा आणि त्याच दिवशी मोबाइलवर मजकूर लिहूनही पाठव. शहरांसाठी जो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यात शेजाऱ्यांना उपद्रव देणं हे भाडेकरूकडून जागा परत मागण्याचं एक कारण धरलेलं आहे. तेव्हा "मी काय करू" हे मालकाचं उत्तर पुरेसं नाही. गावात तंटामुक्ती समिती असते, १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली ती असल्याच भांडणांसाठी. तिथे बसून चार माणसांत बोलणं होऊ दे. त्यानंही भागलं नाही तर बिडकीनचं पोलीस ठाणं गावातच आहे. लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र, आणि राहत्या वस्तीत मर्यादा ४५ डेसिबलची. अर्जात हे लिही.

एका गोष्टीत मात्र धीर धरायचा नाही. कुणी दारावर लाथा घालू लागलं, हत्यार काढलं, खोल्यांच्या ओळीतल्या एखाद्या बाईला त्रास दिला, तर कडी आतून लाव आणि लगेच ११२ लाव. तिथे वही नाही, समिती नाही.

काल घाटावर बसलो होतो तेव्हा संत एकनाथांची गोष्ट मनात आली. गोदावरीचं स्नान करून येताना एक जण त्यांच्यावर थुंकायचा, नाथ परत नदीवर जायचे, असं एकशे आठ वेळा झालं म्हणतात. लोक त्यातून सोसणं तेवढं उचलतात. मला वाटतं, त्या माणसानं एवढं करूनही नाथांचं स्नान काही बिघडवता आलं नाही, ते दरवेळी आपल्या नदीकडेच गेले. तुझं पहाटेचं उठणं, वेळेवर शिफ्ट गाठणं, रात्रीचा हिशेब लिहिणं, हे त्या पोरांच्या हाती देऊ नकोस, एवढीच माझी मागणी आहे.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे आजी डबा देते आहे, स्टँडवर जाऊन घे. शेंगदाण्याचे लाडू आहेत, मोजून बारा. सहा तुझे. सहा वेगळ्या कागदात बांधलेत, ते रविवारी सकाळी पलीकडे जाताना हातात असू देत.

तुझे
आजोबा