दोष कोणाचा?

दिंड्यांतून आता पुष्कळ ठिकाणी गॅसची शेगडी आली आहे. परंतु काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचा स्वयंपाक चुलाणावरच होई. नातेपुत्याच्या मुक्कामी एका नव्या माळकरी पोराच्या हाती आम्ही कुऱ्हाड दिली. पुढ्यात बाभळीचा गाठाळ ओंडका. तीन घाव रुतले, ते त्याने हिसडे देऊन सोडवले. चौथ्याला पाते निसटले आणि डाळ निवडीत बसलेल्या एका वृद्ध बाईंपासून हातभर अंतरावर पडले. सगळे पोरावर तुटून पडले. आम्ही गप्प राहिलो.

गप्प का? पाते हलते हे आम्हांस सकाळीच ठाऊक होते. आम्हीच ती कुऱ्हाड पाण्यात घालून ठेवली होती. पाण्याने दांडा फुगतो, पाते घट्ट बसल्यासारखे वाटते. परंतु दांडा वाळला की ते पुन्हा ढिले होते. दांड्याच्या तोंडात नवी पाचर ठोकायचा आम्ही कंटाळा केला, इतकेच.

शिवाय ती झाड तोडायची, पातळ पात्याची कुऱ्हाड. ती आडवे तोडायला चांगली. उभे लाकूड फोडताना ती रुतून बसते. फोडायला जाड, जड पाते हवे. गाठाळ लाकडाला तर लोखंडी पाचर आणि घण बरा. ओंडका वाळला म्हणजे टोकाला चीर पडते. तीत पाचर बसवावी, गाठ टाळावी, आणि आसपास माणूस बसू देऊ नये. यातले एक तरी आम्ही पोराला सांगितले होते का?

कोणी म्हणेल, घाव घालणाऱ्याने हत्यार पाहून घ्यावे. खरे आहे. पण काय पाहावे हेच ज्याला ठाऊक नाही, तो काय पाहणार? अजाणत्याच्या चुकीपेक्षा जाणत्याचे मौन जड, असे आम्हांस वाटते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी म्हण आहे. त्या दिवशी तो दांडा आम्हीच झालो होतो.

रात्री भजन आटोपल्यावर चारचौघांत आम्ही पोराची क्षमा मागितली. तो म्हणाला, “असू द्या माउली. पाचर कशी ठोकायची तेवढं दाखवा.”

तेव्हा उमगले, नुसती क्षमा म्हणजे दांड्याला पाजलेले पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे, पालखी हलण्यापूर्वी, आम्ही दोघांनी मिळून पाचर ठोकली.