थांबायचे कुठे?

चालू थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका कामाला, थांबवणे दिसायला सोपे आहे. प्रोसेसर काढून घेतला की तो थांबतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे सतत करतच असते. प्रोग्रॅमरला मात्र हवा असतो तो वेगळा थांबा: अमुक गोष्ट घडेपर्यंतचा. थ्रेडला कोण थांबवते, यापेक्षा तो कुठे थांबतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे उमगायला संगणकशास्त्राला बरीच वर्षे लागली.

सुरुवातीची रीत होती ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची. थ्रेड लूपमध्ये फिरत राहतो, एक चल तपासतो आणि काहीही न करता प्रोसेसर खातो. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी यावर सेमाफोर सुचवला. कल्पना आणि नाव, दोन्ही रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेले. सेमाफोर म्हणजे एक आकडा. आत शिरणारा तो एकाने कमी करतो. आकडा शून्य असेल तर रांगेत झोपी जातो. बाहेर पडणारा आकडा वाढवून रांगेतल्या एकाला उठवतो.

सेमाफोरमागचे रेल्वेचे तर्कशास्त्र नागपूरजवळच्या कामठी स्टेशनाच्या उदाहरणातून नीट दिसते. छत्तीसगडकडे जाताना कामठी सोडली की लगेच कन्हान नदीचा पूल लागतो. भारतातल्या एकेरी मार्गांवर ड्रायव्हरच्या हाती टोकनचा गोळा, म्हणजे पुढच्या टप्प्यात शिरण्याचा परवाना, पडल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि दोन स्टेशनांची यंत्रे एकमेकांना जोडलेली असल्याने एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. म्हणजे गाडी खोळंबायची ती स्टेशनात, गोळा हाती नसताना. तिला गोळ्यासकट पुलावरच उभी केली आणि तिला पुढे काढणारे इंजिन पलीकडच्या स्टेशनात त्याच गोळ्याची वाट पाहत बसले, तर दोन्ही कायमची अडकतील.

१९९६ साली आलेल्या, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पहिल्या आवृत्तीने नेमकी हीच सोय दिली होती. ‘सस्पेंड’ म्हटले की दुसरा थ्रेड असेल तिथे गोठे, हातातल्या लॉकसकट. लॉक म्हणजे इथला टोकनचा गोळाच: एका वेळी एकाच थ्रेडच्या हाती. त्याला ‘रिझ्यूम’ करणाऱ्या थ्रेडला आधी तेच लॉक हवे असेल, तर डेडलॉक, म्हणजे दोघांचेही कायमचे अडकणे, ठरलेला. १९९८ मध्ये, जावा १.२ मध्ये, ही पद्धत वापरू नये असे जाहीर झाले. ती पूर्णपणे काढली गेली २०२४ च्या जावा २३ मध्ये. चूक कळायला दोन वर्षे लागली, निस्तरायला पाव शतक.

खरे उत्तर त्याआधीच तयार होते. पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होअर यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मॉनिटर मांडला. त्यात थ्रेड स्वतःच ‘वेट’ म्हणतो, आणि लॉक सोडणे व झोपणे या दोन गोष्टी एकाच अखंड पावलात होतात. त्या दोहोंत फट राहिली तर ‘ऊठ’ ही हाक नेमकी तेवढ्यात येऊन वाया जाते आणि थ्रेड झोपलेलाच राहतो. नुसत्या ‘स्लीप’ने हे साधत नाही: तो फक्त वेळ मोजतो, आणि जावात तर झोपतानाही हातचे लॉक सोडत नाही.

झेरॉक्सच्या मेसा भाषेवरच्या १९८० च्या लेखात लॅम्पसन आणि रेडेल यांनी आणखी एक व्यवहारी दुरुस्ती नोंदवली. जाग आली म्हणजे अट पुरी झाली असे नव्हे. मधल्या काळात तिसराच कोणी येऊन गेलेला असू शकतो. म्हणून उठल्यावर अट पुन्हा तपासायची, ‘इफ’ने नव्हे, ‘व्हाइल’ने. अनेक विद्यार्थी अडखळतात ते इथेच.

आज थ्रेडला ‘पॉज’ करायचे तर बाहेरून फक्त एक खूण ठेवतात. थ्रेड कामाचा एक तुकडा संपवून, लॉक हातात नसताना ती पाहतो आणि स्वतः थांबतो. जावा प्रोग्रॅम चालवणारे आभासी यंत्रही कचरा, म्हणजे वापरात नसलेली मेमरी, गोळा करताना सगळ्या थ्रेडना ठरावीक सुरक्षित बिंदूंवरच थांबवते. २०२३ च्या जावा २१ मधले आभासी थ्रेड थांबले की खालचा खरा थ्रेड दुसऱ्या कामाला मोकळा होतो. ‘सिंक्रोनाइज्ड’ कप्प्यात, म्हणजे लॉक धरून चालणाऱ्या भागात, थांबल्यास मात्र तो मोकळा होत नसे; ही अडचण २०२५ च्या जावा २४ मध्ये बव्हंशी दूर झाली.