व्यायामाचा वळ उठत नाही

फिजिओथेरपीहून घरी आलेल्या माणसाला घरचे एकच विचारतात, "काय केलं?" "शेक दिला, मशीन लावलं" असं ऐकलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. "चार व्यायाम दाखवले, रोज करा म्हणाले" असं ऐकलं की त्याचा चेहरा पडतो. व्यायाम तर यूट्यूबवरही दिसतात, त्याला एवढे पैसे कशाला? अलीकडे या प्रश्नाला तिसरं उत्तर मिळू लागलं आहे आणि त्याला शब्दही लागत नाहीत. सदरा वर करून पाठ दाखवली की झालं. पाठीवर दोन रांगांत उठलेली जांभळी, गोल, पेल्याच्या तोंडाएवढी वर्तुळं. काय केलं ते दिसतंच आहे.

ती वर्तुळं उठवणाऱ्या कपिंगची निम्मी ताकद या दिसण्यात आहे असं माझं मत आहे. त्याची अडचणही तिथेच आहे.

मुळात प्रकार साधा. काचेच्या पेल्यात क्षणभर ज्योत फिरवायची आणि पेला पटकन पाठीवर पालथा घालायचा. आतली तापलेली हवा निवते, आकसते, दाब कमी होतो आणि कातडी पेल्यात वर ओढली जाते. (ज्योतीनं ऑक्सिजन 'खाल्ला' म्हणून पोकळी होते, असं सगळे सांगतात, खरं काम मुख्यतः हवा निवण्याचं असतं.) फिजिओंच्या दवाखान्यात आता ज्योत क्वचितच दिसते. प्लॅस्टिकचे कप आणि हवा ओढणारा हातपंप, किंवा दाबून सोडायचे सिलिकॉनचे कप. काही जण कप पाच-दहा मिनिटं एका जागी ठेवतात, काही जण तेल लावून तो स्नायूच्या लांबीनं सरकवत नेतात. मालिश करणारा हात खाली दाबतो आणि कप वर ओढतो, एवढा फरक. ओढ जास्त झाली की कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात, रक्त तिथल्या तिथे झिरपतं आणि डाग उठतो. आठवडा-दोन आठवड्यांत तो हिरवा-पिवळा होत विरतो, जसा कुठलाही मुका मार विरतो. बाहेर आलेलं 'विष' किंवा 'टॉक्सिन' वगैरे त्यात काही नसतं. डाग जितका गडद तितका रोग जुना, असंही नसतं.

आपल्याकडे हे नवं मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी तीन साधनं सांगितली आहेत: वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला अलाबू, म्हणजे पोकळ भोपळा. भोपळ्याच्या आत दिवा पेटवून तो लावायचा हेही तिथेच आहे. तो प्रकार कातडीवर चरे पाडून रक्त काढण्याचा, युनानी हकिमांच्या हिजामासारखा. आजच्या फिजिओंचा कप कोरडा असतो, रक्त काढत नाही. पण यंत्र तेच. महाराष्ट्रात वैदू गावोगाव फिरून तुंबडी लावत. बेंबी सरकली म्हणून पोटावर छोटा दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालणाऱ्या आज्या तर अजूनही सापडतील. त्या वैदूला, त्या आजीला आपण शिकल्यासवरल्यावर अडाणी ठरवलं. तीच तुंबडी पुढे अमेरिकन जलतरणपटूच्या खांद्यावरून एसी क्लिनिकमध्ये आली तेव्हा मात्र आपण अपॉइंटमेंट घेतली.

मला यात कौतुक वाटतं ते पेल्याच्या निर्विकारपणाचं. तो तसाच राहिला आणि त्याच्यामागचं स्पष्टीकरण दर युगात बदलत गेलं. इथे दोष, ग्रीकांकडे शरीरातले चार रस, चीनमध्ये 'ची'चा अडलेला प्रवाह, मग नुसतंच 'खराब रक्त', मग टॉक्सिन. आताचा शब्द आहे फॅशिया, म्हणजे स्नायूंभोवतीचं चिवट आवरण. कपानं ते 'मोकळं' होतं, 'सुटं' होतं असं सांगतात. पाच-दहा मिनिटांच्या ओढीनं त्या आवरणाची रचना टिकाऊपणे बदलते असं दाखवणारा पुरावा नाही. पण शब्द शरीरशास्त्राच्या पुस्तकातला असल्यानं तो आपल्याला आजीच्या बेंबीइतका खटकत नाही.

इथे कुणीतरी म्हणणारच, की इतकी वर्षं, इतक्या देशांत टिकलं म्हणजे काहीतरी असेलच ना! टिकण्याचा हा पुरावा मला पटत नाही. शीर कापून रक्त सोडणंही दोन हजार वर्षं टिकलं होतं. पॅरिसमध्ये प्येर लुई या डॉक्टरनं १८३५ साली न्यूमोनियाच्या रुग्णांचे आकडे मांडून दाखवले, की रक्त काढण्याचा फायदा मानतात त्याच्या तुलनेत नगण्यच आहे. तोवर फारसं कुणी मोजलंच नव्हतं. त्याच शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात १९२९ साली लेखक जॉर्ज ऑर्वेल न्यूमोनियानं पडून होता. समोरच्या खाटेवरच्या रुग्णाला आणि मग त्यालाही काचेचे पेले लावले गेले. तोवर त्याची समजूत होती, की हे घोड्यांना वगैरे करतात. पुढे त्यावर लिहिताना त्याला पेल्यांपेक्षा जास्त झोंबलेली गोष्ट वेगळी होती: डॉक्टर माणसाला हात लावतात पण त्याच्याशी बोलत नाहीत. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी तर या उपचाराची म्हणच केली होती. निरुपयोगी उपायाला ते म्हणत, मेलेल्याला पेले लावल्याइतका उपयोग होईल.

ऑर्वेलच्या डॉक्टरांनी काहीच सांगितलं नाही. आजचे कपिंगवाले फार सांगतात.

२०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरची वर्तुळं जगानं टीव्हीवर पाहिली आणि कपांची मागणी वाढली. तो तिथे पाच सुवर्णपदकं जिंकला. रिओत उतरण्यापूर्वीच त्याच्याकडे १८ होती, हे त्या गडबडीत कुणी फारसं ध्यानात घेतलं नाही. पण फेल्प्सला वेड्यात काढायचं कारण नाही. त्याच्या जागी तो शहाणपणानंच वागत होता. आज शर्यत, उद्या पुन्हा शर्यत. मधल्या काही तासांत खांदा थोडा हलका वाटला तरी तो लाख मोलाचा. त्याला पुढच्या सकाळपर्यंतचा आराम हवा होता. व्यायाम, ताकद, शिस्त यांचा तर त्याच्याकडे डोंगर होता, कप त्यावरची चिमूटभर साखर. हिंजवडीत दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणाऱ्या आणि सहा महिने मान धरलेल्या माणसाचं गणित उलटं असतं. डोंगर नसतोच, नुसती चिमूटभर साखर असते, आणि तीही दर शनिवारी.

आराम मिळतो का? मिळतो. त्यावर वाद घालणं म्हणजे रुग्णाला खोटं पाडणं. प्रश्न आहे तो कशामुळे मिळतो हा. कपिंगची परीक्षा घेणं तसं अवघडच, कारण कप लावला की नाही ते रुग्णाला कळतंच. जर्मनीतल्या संशोधकांनी त्यावर युक्ती काढली: कपाला बारीक भोक पाडलं. कप कातडीला चिकटतो, ओढ जाणवते, पण पोकळी हळूहळू गळून जाते. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखण्याच्या विकाराच्या, १४१ रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा कप लावलेल्यांच्या वेदना कमी झाल्या. भोकाच्या कपापेक्षा मात्र खरा कप सरस ठरला नाही. जुनाट कंबरदुखीच्या ९० रुग्णांवर ब्राझीलमध्ये आठ आठवडे आठवड्यातून एकदा कप लावून पाहिले. २०२१ साली आलेला निकालही तोच: खोट्या कपाहून खरा कप वरचढ नाही.

दोन चाचण्यांवर सगळा निकाल लावू नये हे खरं. पण मला या निकालांत कपाची बदनामी दिसत नाही, मला त्यात भोकाच्या कपाचं यश दिसतं. गळक्या कपानंही माणसाला बरं वाटलं! म्हणजे बरं वाटण्याचं काम पोकळीशिवाय दुसरं काहीतरी करत होतं. कुणीतरी वेळ दिला, पाठीला हात लावला, दुखणारी जागा नेमकी शोधली, "इथे ना?" असं विचारलं. शिवाय वेदनेचा स्वतःचा स्वभाव आहे. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू फाटक असतं आणि स्पर्श, दाब, ताण यांच्या संवेदना ते अर्धवट लोटू शकतात. त्या सिद्धांतात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण गुडघा आपटला की आपण तो चोळतो त्याचं मर्म त्यात सापडतं. एका जागेचा बोचरा ताण दुसऱ्या जागेचं दुखणं काही काळ दबवतो, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. काही काळ, हे मात्र विसरायचं नाही.

आणि हा 'काही काळ' फिजिओथेरपीत फुकट जाण्याची गरज नसते. खांदा दुखणाऱ्या माणसाचा हात बऱ्याचदा दुखण्याच्या भीतीनं वर जात नाही. दहा-वीस मिनिटं दुखणं ओसरलं तर तेवढ्यात हात थोडा वर नेऊन दाखवता येतो, "बघा, जातो की" असं त्याला त्याच्या हातानंच सांगता येतं. कपाचा मला पटणारा उपयोग हा एवढाच आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत हातानं करायच्या उपचारांना जागा आहे, पण व्यायामासोबतच, एकट्यांना नाही. अल्ट्रासाउंड आणि टेन्सची मशीनं तर देऊच नयेत असं म्हटलं आहे. आपल्याकडे 'मशीन लावलं' म्हणतात ती बहुतेक हीच.

मग कप आणि मशीन यांचीच चलती का? रुग्णाला ती आवडतात हे एक कारण. दुसरं क्वचितच बोललं जातं. कप लावून फिजिओला पलीकडच्या खाटेकडे जाता येतं. तिथे मशीन चालू करून तिसऱ्या खाटेकडे. एका वेळी चार रुग्ण पडून, चौघांवर उपचार चालू. व्यायाम शिकवायचा तर समोर उभं राहावं लागतं, पाठ वाकडी होतेय का पाहावं लागतं, तीच चूक दहादा सुधारावी लागते, आणि पुढच्या वेळी "वेळच नाही मिळाला" हे ऐकून न चिडता पुन्हा सुरू करावं लागतं. भाडं, ईएमआय आणि बाहेर ताटकळलेली रांग डोक्यात असताना कोण काय निवडेल? यात फिजिओ लबाड असतो असं नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तर एकेका रुग्णाला मिळणाऱ्या मिनिटांचा हिशेब याहून वाईट असतो.

तरीही एक गोष्ट मी सोडून द्यायला तयार नाही. फिजिओथेरपीत स्पष्टीकरण हा उपचाराचाच भाग असतो. अँटिबायोटिक कसं काम करतं याबद्दल रुग्णाची समजूत चुकीची असली तरी जंतू मरतात. पाठदुखीत तसं होत नाही, कारण पुढचे सहा महिने पाठ वापरायची की जपायची ते रुग्ण त्या समजुतीवरच ठरवतो. "तुमच्या पाठीत गाठी झाल्यात, घाण साठलीय, ती ओढून काढावी लागेल" हे ऐकून गेलेला माणूस मनात धरून बसतो, की आपलं शरीर नाजूक आहे, तुंबलं आहे, ते दुसऱ्यानं मोकळं करायचं असतं. मग तो वाकायला घाबरतो, आणि वाकायला घाबरणारी पाठ जास्त दुखते. डाग विरतो, वाक्य राहतं. कप लावणं मी चालवून घेईन, हे वाक्य नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे न विचारता लावलेला कपही नाही.

खरं सांगितलं तर परिणामच जाईल, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. लिस्बनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ९७ जणांवर झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना सरळ सांगूनच पोकळ गोळ्या दिल्या होत्या: यात औषध नाही. तरी तीन आठवड्यांनी त्यांचं दुखणं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा, जास्त कमी झालं होतं. गोळी म्हणजे कप नव्हे, तीन आठवडे म्हणजे जन्म नव्हे. पण "यानं थोडा वेळ बरं वाटेल, तेवढ्यात आपण हे चार व्यायाम करून घेऊ" असं म्हणायला हरकत नसावी, एवढा धीर त्यातून मिळतो.

उरतो पैशांचा मामला. कपिंगचे वेगळे पैसे लावता येतात, दहा सेशनचं पॅकेज विकता येतं. व्यायाम शिकवणं 'कन्सल्टेशन'मध्ये धरलेलं असतं, म्हणजे जवळजवळ फुकट. उद्या एखाद्या फिजिओनं दर उलटे केले, कप फुकट आणि शिकवण्याच्या पाऊण तासाची फी दुप्पट, तर त्याच्या दारात किती माणसं थांबतील हे मला पाहायला आवडेल. मी थांबेन असं वाटतं. घरचे मात्र विचारतीलच, काय केलं म्हणून.