नाव शेवटच्या कडव्यात

अर्धापूरच्या आमच्या केळीच्या मळ्यात घड कापायला येणाऱ्या एका मामांकडे टेप होता. शाळेत असताना मी त्यांच्याकडून एक कॅसेट मागून आणली. प्रतीवरून प्रत काढलेली, वर बॉलपेनने नुसतं ‘भीमगीते’. गायक कोण, कवी कोण, काही नाही. खरखरीतून शब्द वेचावे लागत, रीळ गुंतलं की पेन्सिल घालून फिरवावं लागे. त्या खटाटोपामुळेच ती गाणी माझी वाटू लागली. रेडिओवर लागत नाहीत, वर्गात कुणाला ठाऊक नाहीत, म्हणजेच ती अस्सल आहेत, असं माझं पक्कं मत होतं.

बऱ्याच गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ यायचा. आमच्या घरात वामन म्हणजे बळीला पाताळात घालणारा. तोच अर्थ लावायला जायचो आणि तो काही केल्या लागायचा नाही. मे २००४ मध्ये वामनदादा कर्डक गेल्याची बातमी वाचली, तेव्हा उलगडलं. अभंगाच्या शेवटी तुकाराम, नामदेव आपलं नाव घालतात, तशी ती नाममुद्रा होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत दुकानांच्या पाट्या पाहून अक्षरं शिकला, १९४३ पासून गाणी लिहीत आणि गावोगाव गात राहिला. गाण्यागाण्यात त्याने सही करून ठेवली होती, मला ती वाचता आली नव्हती.

नाव कळल्यावर ऐकणं बदललं. एक शब्द तीनदा का येतो, हिंदी सिनेमाची चाल कुठे मोडली, हे कानाला जाणवू लागलं. पण आधीचं झपाटलेपण उतरलं, हेही खरं. २०१५ साली ‘कोर्ट’ हा सिनेमा लागला, संभाजी भगतांच्या गाण्यावर अख्खं थिएटर गप्प झालं आणि मला आपलं काही चोरीला गेल्यासारखं वाटलं. हे वाटणं मला बरेच दिवस टोचत राहिलं.

ते मोडलं ‘जय भीम कॉम्रेड’ने. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तिथून सुरू झालेला हा माहितीपट पुरा करायला आनंद पटवर्धनांना चौदा वर्षं लागली. घोगरेंचा तो खणखणीत आवाज आणि त्यांचं ते घर पाहिल्यावर, अशा गायकाने अनोळखीच राहावं असं मनात तरी कसं आणायचं? ऐकणाऱ्याला गाणं दुर्मीळ असण्याची चव लागते. गाणाऱ्याच्या घरी त्याच वेळी चूल पेटलेली नसते.

तरी मूळ गाठ सुटली ती मळ्यातच. केळीच्या चिकाने काळे पडलेले हात धूत मामा बसले होते. मी म्हणालो, “मामा, ही गाणी तेव्हा कुणालाच माहीत नव्हती.”

मामा हसले नाहीत. म्हणाले, “बापू, तुमाला ठाव नव्हती. आमाला पाळण्यात ठाव हाईत.”

मामांची वस्ती आमच्या घरापासून एका नाल्यापलीकडे. चौदा एप्रिलला तिथला कर्णा आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा, आणि आमच्याकडे खिडक्या लावून घेत. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. मी जन्मायच्या आधीपासूनच त्या खिडक्या लावलेल्या होत्या. ज्याला मी भूमिगत म्हणत होतो, ते उघड्या माळावर, कर्ण्यावर, हजार माणसांपुढे चालू होतं. ती गाणी दुर्मीळ करून ठेवली होती ती आमच्या खिडक्यांनी.

आता फोनवर तीच गाणी स्वच्छ मिळतात, खाली किती लाखांनी ऐकलं तो आकडा. पण माझ्या कॅसेटवरचं एक गाणं रीळ संपल्यामुळे अर्ध्यात तुटायचं, ते मला फोनवर कधी सापडलं नाही. मामांना मी त्याची पहिली ओळ गुणगुणून दाखवली. त्यांनी मान डोलावली, विळा बाजूला ठेवला आणि गाणं सुरू केलं. कॅसेट जिथे थांबायची तिथे ते थांबले नाहीत. पुढचं कडवं आलं, त्याच्यापुढचं आलं, आणि शेवटी ‘वामन’ येताना त्यांचा ओला हात छातीशी गेला.