पावणेतीनचा जागर

आमचे वडील मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांना रात्री पावणेतीनच्या सुमारास जाग येऊ लागली. उशाशी ठेवलेल्या तांब्यातले दोन घोट पाणी घ्यावे, अंधारातच खुंटीवरची शाल ओढून देव्हाऱ्यापुढच्या पाटावर बसावे आणि उजाडेपर्यंत तुळशीची माळ ओढीत राहावे, असा त्यांचा परिपाठच होऊन बसला. आणि घरी येणारा-जाणारा प्रत्येकजण, त्यात मीही आलोच, 'नाना आता ब्राह्ममुहूर्तावर उठतात' असे कौतुकाने म्हणू लागला. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी लागतो आणि ४८ मिनिटे टिकतो, हा साधा हिशेब आमच्यापैकी कोणी केला नाही. मण्यांवरून फिरणारा त्यांचा अंगठा कित्येकदा एकाच मण्यावर अडून तासभर तसाच राहतो, हे आईने पाहिले होते. परंतु जपात गढलेल्या माणसाला हाक मारू नये, ही शिकवणही तिला लहानपणापासून मिळालेली होती.

योग्याचे जागरण आणि रुग्णाचे जागरण ही दोन्ही बाहेरून इतकी सारखी दिसत असताना त्यांतला भेद ओळखावा कशावरून, हा प्रश्न त्या अडलेल्या अंगठ्यापाशी माझ्या मनात उभा राहिला आणि आजतागायत तो मला सोडून गेलेला नाही. आपल्या परंपरेने जागृतीला फार मोठा मान दिला. निद्रेला जिंकणारा म्हणून अर्जुनाला गुडाकेश ही संज्ञा मिळाली. एकादशीच्या जागरात रात्र टाळमृदंगांवर काढणे हे पुण्य ठरले. समर्थांनी दासबोधात निद्रेच्या निरूपणाला एक स्वतंत्र समास दिला. निद्रा तमोगुणाची आणि जागृती सत्त्वगुणाची, हे समीकरण आपल्या अंगी इतके मुरले आहे की ज्याला झोप येत नाही त्याच्याकडे आपण एकतर आदराने पाहतो, नाहीतर 'श्रद्धा कमी पडते, नामस्मरण वाढवा' असा उपदेश करून मोकळे होतो. हा उपदेश मला निर्दय वाटतो, कारण जो माणूस आधीच स्वतःला अपराधी समजून रात्र काढीत आहे, त्याच्या माथी तो आणखी एक अपराध मारतो.

वस्तुतः त्याच परंपरेचा दुसरा आवाज अगदी वेगळे सांगतो. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रा बसवून या तिघांना शरीराचे उपस्तंभ म्हटले, निद्रेचे प्रकार मोजताना तमोगुणातून आणि व्याधीतून येणारी झोप बाजूला काढली, आणि रात्रीच्या स्वभावानेच येणाऱ्या झोपेला भूतधात्री, म्हणजे प्राणिमात्राला पोसणारी धाय, असे नाव दिले. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला आकाशात हिंडून दमलेल्या, पंख मिटून घरट्याकडे वळणाऱ्या पक्ष्याचा दृष्टान्त देतो आणि त्या गाढ अवस्थेत पिता पिता राहात नाही, चोर चोर राहात नाही, असे सांगतो. दिवसभर अंगावर वागवलेली सारी पदे तेथे गळून पडतात. हीच निद्रेची खरी थोरवी आहे असे मला वाटते. विश्रांती ही त्या मानाने दुय्यम गोष्ट आहे. आणि म्हणूनच निद्रेवर कोणाचे फर्मान चालत नाही. जो ती घडवून आणू पाहतो तो 'मी करणारा' म्हणून जागाच राहतो, आणि तो जागा आहे तोवर ती उंबरठ्याबाहेर उभी राहते.

वडिलांच्या रात्रीत कारकून कारकूनच राहिला होता. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना जाग येते तेव्हा मनात काय येते असे विचारले, तेव्हा त्यांनी खाली मान घालून सांगितले की बावीस वर्षांपूर्वी तगाईच्या एका प्रकरणावर आपण लिहिलेले टिपण चुकले असावे, आणि त्यापायी एखाद्या कुळाचे वाटोळे झाले असावे. माळ हाती होती, परंतु मण्यामण्यागणिक उलटत होते ते कचेरीतले दप्तर. सकाळ जड जाते की संध्याकाळ, हा डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता. 'सकाळ,' वडील म्हणाले, 'संध्याकाळी जरा बरे वाटते.' पहाटेपूर्वी येणारी जाग, सकाळचा जडपणा आणि जुन्या क्षुल्लक गोष्टींचा डोंगराएवढा झालेला अपराधभाव ही विषण्णतेची लक्षणे वैद्यकाला फार दिवसांपासून ठाऊक आहेत. ती आम्हांला ठाऊक नव्हती.

मनोविकार आणि निद्रानाश यांत कारण कोणते व कार्य कोणते, याविषयी वैद्यकाचे मतही बदलत आले आहे. पूर्वी निद्रानाश हे बहुधा मनोव्याधीचे निव्वळ लक्षण मानले जाई. मूळ व्याधी गेली की झोप आपोआप परतेल, असा समज होता. १९८९ साली अमेरिकेत फोर्ड आणि कॅमेरो यांनी सुमारे ८,००० प्रौढांच्या मुलाखतींवरून दाखवून दिले की ज्यांची झोप वर्षभर उडालेली राहिली त्यांच्यात नव्याने विषण्णता जडण्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक होता. आणि तिकडच्या मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसंहितेत मूळ निद्रानाश आणि दुय्यम निद्रानाश हा भेदच काढून टाकला. मनोविकार आणि निद्रानाश हे दोन्ही एकमेकांना जामीन राहतात. एकाचे कर्ज फिटले तरी दुसऱ्याचे शिल्लक उरते. म्हणून आता दोहोंवर एकाच वेळी उपचार करतात, आणि गोळ्यांखेरीज जे उपाय सांगतात त्यांत झोप आणण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, जाग लांबली तर अंथरूण सोडून उठावे, असेही एक कलम असते. ते प्रथम ऐकले तेव्हा मला याज्ञवल्क्याच्या पक्ष्याची आठवण झाली.

येथे एक गूढ मात्र उरतेच. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असे शपथेवर सांगणारे काही रुग्ण निद्रापरीक्षणाच्या खोलीत कित्येक तास झोपलेले आढळतात. मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख एक सांगतो, माणूस दुसरे सांगतो. साक्ष कोणाची ग्राह्य धरावी? पतंजलीने निद्रेला चित्ताची वृत्ती मानले, आणि त्याच्या भाष्यकाराने त्याचे प्रमाण दिले ते जागे झाल्यावर राहणाऱ्या स्मृतीचे: चांगले झोपलो, वाईट झोपलो, हे आठवते, त्या अर्थी तेथे कोणीतरी अनुभव घेत होते. ते प्रमाण मानले, तर 'मी झोपलोच नाही' म्हणणाऱ्या रुग्णाला आलेखाचा कागद दाखवून खोटे पाडता येणार नाही. त्याच्या निद्रेतही पहारेकऱ्याने पहारा सोडला नव्हता, इतकाच त्याच्या कैफियतीचा अर्थ असू शकेल, आणि त्याचे दुःख तेवढ्यानेही पुरेपूर खरे ठरते.

भेद कशावरून ओळखावा, याचे मला सापडलेले उत्तर पंढरपुरातले आहे. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेपूर्वी मुहूर्त पाहून तेथे देवाचा पलंग काढतात. शेजारती थांबते, विठ्ठल अहोरात्र दर्शनासाठी उभा राहतो. तो दमेल म्हणून पाठीशी कापसाचा लोड देतात. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते: पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री शीण जावा म्हणून काढा दाखवतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. ज्याने जागरणाचे व्रत घेतले आहे त्याच्या जागरणालाही येथे आरंभाचा मुहूर्त आहे, समाप्ती आहे, आणि मधल्या काळापुरता का होईना, टेकायला लोड आहे. वडिलांच्या पाठीशी दोन वर्षे लोड नव्हता. आम्ही त्यांच्या पलंगाकडे पाहिलेच नाही, आम्ही पाहिली ती माळ.

औषध सुरू झाल्यानंतरच्या सातव्या की आठव्या आठवड्यातली एक सकाळ मला आठवते. सहा वाजून गेले होते, अंगणात ऊन आले होते, आणि वडील कुशीवर वळून, एक हात गालाखाली घेऊन झोपले होते. माळ खुंटीवर होती. आईने स्नान केले, सोवळे नेसले, देवांना स्नान घातले, गंधफूल वाहिले, निरांजन ओवाळले. घंटा मात्र तिने उचलून पदराने पुसली आणि न वाजवता तशीच देव्हाऱ्यात ठेवून दिली.