ठिपक्यांची वही

संयम शिकायला एस.टी.सारखी पाठशाळा नाही. मी मूळचा वसईचा ख्रिस्ती, मास्तरकी शहापुरात, आणि एका उपवासकाळात कामानिमित्त मुरबाडला वरचेवर खेपा पडत होत्या. मनाशी ठरवलं, यंदा नुसतं मटण सोडून भागवायचं नाही. (ते तसंही डॉक्टरांनी सोडायला लावलेलं, त्यात देवाला काय दिलं?) यंदा सद्गुण वाढवायचा. तोही मोजून!

मोजायची कल्पना माझी नव्हे. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकातच सांगून ठेवलंय : एक दोष धरा, दुपारी आणि रात्री स्वतःची झडती घ्या, सात दिवसांच्या रेघा ओढा, आणि जितक्यांदा घसराल तितके ठिपके द्या. पुढच्या दिवसाची रेघ आधीच्याहून आखूड. म्हणजे सुधारणा गृहीतच धरलेली! माझ्यातल्या मास्तराला हे भलतंच पटलं. मी फक्त एक दुरुस्ती केली. घसरल्याचे ठिपके देण्याऐवजी सावरल्याचे दिले. वही कशी भराभर भरू लागली.

किन्हवलीच्या रस्त्याला माझ्या शेजारी नेहमी एक गृहस्थ बसत. दर मिनिटाला नाकातून 'फुर्र'! लिझ्यूच्या संत तेरेजालाही असाच त्रास होता. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी चमत्कारिक आवाज करी. तेरेजाला घाम फुटे, पण तिनं वळून पाहिलं नाही. ते संगीत समजून देवाला वाहिलं. मीही फुर्र वाहू लागलो. फुर्र, ठिपका. फुर्र, ठिपका.

एका दुपारी गाडी खच्चून भरलेली. मी डोळे मिटून जपमाळ ओढत होतो. कुणीतरी माझ्या पायावर बोचकं टेकवलं. सहन केलं. पुन्हा टेकवलं. तेही केलं. दोन ठिपके! ते खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही. पाय खरोखरच ठणकत होता. पण पहिल्याच धक्क्याला माझी डावी पापणी जराशी उघडली होती. एका म्हातारीच्या लुगड्याचा काठ दिसला होता. आणि मी पापणी पुन्हा मिटली होती, भक्तिभावानं.

"बस गं आये." आवाज शेजारून आला. फुर्रवाले उठून दांडीला लोंबकळत होते.

मी धडपडत उठू लागलो. म्हटलं, "अहो, तुम्ही इथं बसा, मी राहतो उभा."

"बसा हो मास्तर," ते म्हणाले, "तुमची पूजा चाललीय." आणि फुर्र केलं.