प्रसाद

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी, भैरवगडात, काळभैरवाचे देऊळ आहे. तिथे देवाला दारूचा नैवेद्य असतो. पुजारी बाटलीतली थोडी दारू बशीत ओततो, बशी मूर्तीच्या ओठांशी तिरपी धरतो आणि बघता बघता ती रिकामी होते. बाटलीत उरलेली दारू भक्ताला प्रसाद म्हणून परत मिळते. शिंदे घराण्याची पगडी या देवाला चढते, म्हणून तिथल्या मराठी घरांना तो आपलाच वाटतो.

अशाच एका घरातला माणूस देवळाबाहेर हारफुले विकत असे. शिंद्यांच्या फौजेबरोबर त्याचे पूर्वज माळव्यात आले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, हे घर मात्र उज्जैनलाच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर माळवी.

परगावचे भक्त उरलेली बाटली बरोबर न्यायला कचरत आणि जाता जाता त्याच्या हातात देत. देवाचे आहे, नाही कसे म्हणायचे? आधी तो घोटभर घेई. पुढे पुढे बाटली संपल्याशिवाय तो दुकान आवरीना.

गल्लीतली पोरे त्याला टल्ली म्हणत, टुन्न म्हणत. म्हातारा बाप म्हणे, "स्वारी विमानात आहे." बायको यातले काहीच बोलत नसे. कोणी दारात येऊन त्याला विचारू लागले की ती हळूच सांगे, "आज त्यांनी प्रसाद घेतलाय." ऐकणारा हसे. तीही हसे.

श्रावणात शेजारी सत्यनारायण होता. ती पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गेली. आरती झाली, द्रोण वाटले गेले. गरम शिरा, त्यात केळे, वर तुळशीचे पान. शेजारणीने मुलीपुढे द्रोण धरला. मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे गं, प्रसाद आहे."

"मला नको प्रसाद. मी पडेन. मग आई रडेल."

कोणीतरी हसले. आईने द्रोण आपल्या हातात घेतला. तूप पानातून झिरपून तिच्या बोटांना लागले, तरी ती तशीच उभी होती.

त्या रात्री नवऱ्याचा सोबती दारात आला. "दादा आहेत का?" ती म्हणाली, "आहेत. दारू प्यालेत." आवाज नेहमीचाच, चढलेला नाही की दबलेला नाही. आत नवरा उठून बसला. चारचौघांत अब्रू घालवलीस म्हणून त्याने भांडण केले. दुसऱ्या दिवशी कोणी विचारले, तिने तेच सांगितले. तिसऱ्या दिवशीही तेच.

पिणाऱ्यासाठी उसने शब्द सगळीकडेच मिळतात. इंग्रज खलाशी झिंगलेल्याला म्हणत, याचे तीन दोर वाऱ्यावर आहेत. शिडाचे दोर सुटले की गलबतही तसेच झोकांड्या खाते. आपल्याकडे गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त दारूने घर कसे बुडते ते दाखवले. १९१९ साली ते नाटक रंगभूमीवर आले आणि लोकांनी त्यातल्या तळीरामाचे नाव उचलून पिणाऱ्यांना लाडाने दिले! हसू आले की माणूस सुटतो, त्याच्याबरोबर आपणही सुटतो. त्या घरात उसना शब्द देवघरातून आणला होता, इतकेच. दारू त्याने झाकली गेली खरी, पण शिरा बाटला.



भांडण बरेच दिवस चालले. त्याने चार दिवस सोडली, पाचव्या दिवशी पुन्हा घेतली. पण त्या संध्याकाळी चप्पल काढता काढता तो स्वतःच म्हणाला, "आज दारू प्यालोय." बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "दवाखान्यात जायचं का?"

सकाळी दोघे सरकारी दवाखान्यात गेली. खिडकीत पर्ची करणाऱ्याने विचारले, काय त्रास आहे. ती सांगायला पुढे झाली, तोवर तोच बोलला, "दारू पीता हूँ। छूटती नहीं।" पर्चीवाल्याने मान वर न करता लिहून घेतले, खोलीचा नंबर सांगितला आणि पुढच्याला हाक मारली.